जुन्या ऑइल पेंटवर 'पीयू' (पॉलियुरेथेन रंग) मारून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

औसा-निलंगा भागातल्या हडंबेवाल्यांनी (हडंबा म्हणजे मळणी यंत्र) हे जरूर वाचा. सोयाबीन निघायच्या आधी आपल्या सगळ्यांची घाई असते, बेरिंग बघा, पट्टे बदला, जमलंच तर रंग मारून घ्या, आणि ह्याच घाईवर एक जण धंदा करायलाय. नाव लिहीत नाही. छोट्या टेम्पोत कंप्रेसर आणि गन टाकून गावोगाव फिरतो आणि म्हणतो, "मालक, ऑइल पेंटचा जमाना गेला, आता पीयू मारा, कारवर असतो तसला रंग, पाच वर्षं बघायचं काम नाही."

माझा हडंबा भाड्यानं चालतो, मशीन चांगली दिसली की गिऱ्हाईक जरा विश्वासानं बोलावतं, म्हणून काम दिलं. ठरलं असं की जुना रंग पूर्ण खरवडायचा, इपॉक्सी प्रायमर मारायचा आणि वर पीयूचे दोन हात. २४,००० रुपये, निम्मे आधी. वावरात धूळ बसते म्हणून मशीन त्याच्या शेडवर न्यायची म्हणाला, आणि खरी गोम तिथंच होती, कारण खाली काय केलं ते कुणी बघितलंच नाही. परत आली तेव्हा अशी चमकत होती की चुलते म्हणाले, शोरूममधून आणली का काय.

सीझन सुरू झाला आणि भुसकट जिथून बाहेर पडतं तिथला रंग पोपडे धरून निघायला लागला. पोपडा उचलला तर खाली जुना निळा रंग जसाच्या तसा, त्यावर ग्रीसचा थरसुद्धा तसाच, प्रायमरचा पत्ताच नाही. दुसऱ्या बाजूला तर अजून गंमत, वरचा रंग, त्याखाली पुट्टी, आणि पुट्टीखाली सगळ्या सुरकुत्या.

लातूरच्या एमआयडीसीत ओळखीचे एक मिस्त्री आहेत, त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं. जुना ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल, तो हवेनं वाळतो. पीयू हा दोन डब्यांचा रंग, त्यात हार्डनर मिसळावा लागतो आणि त्याचा थिनर कडक असतो. तो इनॅमलवर पडला की खालचा रंग फुगतो, पत्र्यापासून सुटतो आणि वर सुरकुत्या येतात. म्हणजे ह्या भाऊनं आधी एका बाजूला खरंच काहीतरी दोन डब्यांचं मारलं असणार, ते सुरकुतलं, मग खरवडायचा कंटाळा म्हणून वरून पुट्टी ओढली आणि सगळ्या मशीनवर साधा ऑइल पेंट मारून पैसे मात्र पीयूचे घेतले.

मिस्त्रींनी फडक्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर घेऊन घासलं तर फडकं लगेच रंगलं. पक्का वाळलेला पीयू असा फडक्यावर येत नाही. वरून एक पुरावा तर त्यानंच देऊन ठेवलेला, "टचअपला राहू द्या" म्हणून उरलेल्या रंगाचा डबा. महिन्याभरानं उघडला तर वर साय आणि खाली रंग पातळच. हार्डनर मिसळलेला रंग काही तासांत घट्ट व्हायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी डब्यात दगड होतो राव, महिनाभर कसला टिकतोय!

फोन केला तर आधी म्हणाला ऊन लागलं, मग म्हणाला तुमच्या मशीनला व्हायब्रेशन जास्त, मग म्हणाला तुम्ही डिझेलनं पुसली असेल. अहो, डिझेलला आणि उन्हाला दाद देत नाही म्हणूनच तर पीयूचे जास्तीचे पैसे मोजायचे असतात ना? आता फोन उचलत नाही.

आणि एक राहिलंच. ग्रीसच्या निपलवर आणि नंबरच्या प्लेटवरसुद्धा गन फिरवलेली. निपल बुजले, ग्रीस आत जाईना, एक बेरिंग तापून गेलं. उद्या मशीन विकायची म्हटलं तर नंबर वाचायला प्लेट खरडत बसा.

तर कुणी नवा रंग मारून देतो म्हणाला तर आधी खाली कुठला रंग आहे ते थिनरच्या फडक्यानं बघा. इनॅमल असेल आणि पीयूच पाहिजे असेल तर पत्र्यापर्यंत खरवडल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि प्रायमर मारल्यावर मशीन स्वतः जाऊन बघा, नुसता फोटो नको. तेवढा खर्च नसेल करायचा तर ग्रीस धुऊन, पॉलिश पेपर मारून परत इनॅमलच मारा, शेतीच्या मशीनला त्यात काही वाईट नाही. शंका असली तर आधी आतल्या बाजूला हाताएवढी जागा रंगवून घ्या, चांगली वाळू द्या, मग ब्लेडनं फुल्या मारून वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, पट्टीबरोबर रंग आला की कळलंच. हार्डनरचा वेगळा डबा डोळ्यांसमोर फोडायला लावा.

बिलावर मी 'पीयू पेंट' असं लिहून घेतलेलं, तेच आता कामाला येतंय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकलीय. काही जण म्हणाले धंद्याची मशीन आहे, ग्राहक कायदा लागत नाही. पण २०१९ च्या कायद्यात फक्त स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू धंद्यात धरत नाहीत, आणि जिल्हा आयोगात ५ लाखापर्यंत फी पण नाही. ह्याच माणसाकडून कुणी ट्रॉली नाहीतर हडंबा रंगवून घेतला असेल तर फडकं मारून बघा आणि बिल शोधून ठेवा, दोन-चार तक्रारी एकत्र गेल्या तर बरं पडेल.