बस्ता कुठे बांधायचा: दादर, हिंदमाता की मंगळदास?

साखरपुडा झाला की घरात पहिला वाद हॉलवरून होतो आणि दुसरा बस्त्यावरून. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात आत्या दादरला अडून बसली, मामी हिंदमाताला, आणि नवरी मोबाइलवर मंगळदासची रील्स दाखवत होती. शेवटी तिन्हीकडे गेलो आणि तेच बरं झालं. सगळा बस्ता एकाच बाजारात उरकायचा हट्ट धरला की पैसे तरी जास्त जातात, नाहीतर पायांचे तुकडे तरी पडतात.

शालू आणि पैठणी दादर पश्चिमेलाच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. रानडे रोडच्या परिसरात दुकानं हाकेच्या अंतरावर आहेत, बसायला जागा मिळते आणि 'काठ जरा मोठा हवा, पदर भरलेला हवा' हे समजावून सांगावं लागत नाही. काउंटरवरचा माणूस पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशासमोर उभा राहतो. घासाघीस मात्र फारशी चालत नाही. पैठणी घेताना ती उलटी करून बघा. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. मागे धागे सुटे लोंबत असतील तर ती यंत्रमागावरची. 'सेमी पैठणी' म्हणून तीही विकतात आणि ती घेण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त हातमागाचे पैसे मोजू नका. नऊवारी घेणार असाल तर लांबी विचारा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, आणि उंच मुलीला त्यात वीतभर कमी पडली तर काष्टा नीट बसत नाही. मुंडावळ्या, बाशिंग, अंतरपाट, रुखवताचं सटरफटरही याच फेरीत होतं. सोमवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. रविवारी मात्र स्टेशनच्या पुलावरूनच गर्दी सुरू होते.

हिंदमाता दादर पूर्वेकडून चालत पंधरा मिनिटांवर, पण तिथला हिशेबच वेगळा. तिथे साडी नाही, साड्या घ्यायला जायचं. आहेराच्या, मानपानाच्या, 'विहीणबाईंच्या जावेलाही एक असू दे' अशा. दहा-वीस नग एकदम घेतले की भाव उतरतो आणि तो उतरवायचाही असतो. आम्ही 24 साड्यांचा गठ्ठा घेतला आणि घाईघाईत बांधायला सांगितला. घरी सोडला तर दोन साड्यांत ब्लाउजपीसच नव्हता. दुकानदाराने बदलून दिल्या, पण 'पैसे परत मिळणार नाहीत' हे आधी तीनदा ऐकवून, आणि त्यापायी माझी अर्धी सुट्टी गेली. तेव्हा प्रत्येक साडी तिथेच उघडा, शेवटचं टोक बघा, बिल घ्या. मामी 'उघडा ना' म्हणत होती, मीच ऐकलं नाही. आणि पावसाळ्यात? मुंबईत पाणी भरल्याच्या बातमीत पहिलं नाव हिंदमाताचं असतं, एवढं पुरे.

मंगळदास मार्केट शिवून घ्यायच्या कापडासाठी. क्रॉफर्ड मार्केटहून चालत जाता येतं. छपराखाली अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना छतापर्यंत तागे, गादीवर मांडी घालून बसलेले दुकानदार. ब्रोकेड, खण, लिनन, जॉर्जेट, अस्तर, सगळं मीटरवर. शालूला शोभणारं ब्लाउजचं ब्रोकेड, सहा भाच्यांना एकाच रंगाचे कुर्ते, हे दादरला शोधत बसलात तर दिवस जाईल. इथे तासाभरात झालं. कापड फाडायच्या आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 36 इंची पन्ह्यात शिंपी सांगतो तेवढं कापड 44 इंचीत लागत नाही, आणि दर मीटरचा असल्यामुळे स्वस्त वाटलेलं कापडच कधीकधी महाग पडतं. शालूचा रंग मोबाइलमधल्या फोटोवरून जुळवू नका, शालूच पिशवीत घालून न्या. लेस आणि लटकन पुढे भुलेश्वरला.

मंगळदास रविवारी बंद, त्यामुळे नोकरदारांना शनिवार गाठावा लागतो. संध्याकाळी सातच्या सुमारास शटर खाली यायला लागतात. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 कफ परेडपर्यंत धावते आणि काळबादेवीला उतरता येतं, हा मोठाच दिलासा. तरी गुडघे दुखणाऱ्या आजींना तिथे नेऊ नका. हातगाड्या आणि पाठीवर गठ्ठे घेतलेले हमाल 'बाजू, बाजू' करत येतात, टेकायला जागा नाही. आम्ही आत्याला क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या बादशहात फालुदा देऊन बसवलं आणि आत गेलो.

उल्हासनगर? कल्याण-डोंबिवलीला राहत असाल तर जरूर, रोजच्या कपड्यांना गजानन मार्केट चांगलं आहे. बोरिवलीहून जाण्यात अर्थ नाही.

सोन्यासाठी झवेरी बाजारच गाठला पाहिजे असं आता राहिलेलं नाही. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो मोबाइलवर तपासता येतो. फरक राहतो तो घडणावळीत. तेव्हा दोन-तीन दुकानांत एकाच वजनाच्या मंगळसूत्राची घडणावळ विचारा आणि घराजवळचा सराफही त्यात धरा.

क्रम मात्र उलटा लावू नका. आधी दादरचा शालू, मग लगेच मंगळदास, कारण लग्नसराईत शिंपी महिनाभराची मुदत मागतात. हिंदमाता शेवटी, आहेराची यादी पक्की झाल्यावर. ती शेवटच्या आठवड्यापर्यंत वाढतच असते. गजरे, वेण्या आणि हार लग्नाच्याच दिवशी, दादरच्या फूलबाजारातून. पहाटे पाचला जा. पिशवी नको, पाटी न्या, नाहीतर कार्यालयात पोचेपर्यंत अबोली चेपून जाते.