उताराचे काम आणि टू-डी कॅम: वापरानंतरचा अनुभव

आमच्या टू-डी कॅमच्या (सपाट चित्रावरून सीएनसी मशीनच्या कटरचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) विक्रेत्याने नुकतेच वार्षिक देखभालीचे बिल पाठवले आणि ‘उतार काढायचे असतील तर थ्री-डी मॉड्यूल घ्या’ हा सल्ला पुन्हा एकदा दिला, म्हणून हे लिहीत आहे. सॉफ्टवेअरचे नाव देत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांच्याकडे ते आहे, ते वर्णनावरून ओळखतीलच.

आमच्याकडे मुख्यतः फौंड्रीचे ॲल्युमिनियम पॅटर्न (वाळूत साचा उठवायचे नमुने) होतात. साच्याची कड न मोडता पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, द्यावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये या उताराचा (टेपरचा) कोन भरला की कटर थराथराने खाली उतरत त्या हिशेबाने बाजूला सरकतो. भिंतीवर पायऱ्या दिसतील अशी धास्ती होती. पण 2 अंशांच्या ड्राफ्टला 0.2 मिमीच्या थरामागे कटर जेमतेम 0.007 मिमी सरकतो आणि पॉलिश पेपरचा एक हात फिरवला की तेवढी खूणही राहत नाही. एवढ्यासाठी थ्री-डीची गरज नाही, हे मी ठामपणे सांगेन.

माझा राग आहे तो कटरच्या उठाबशांवर. भिंतीचा आकार बंद असूनही हे सॉफ्टवेअर प्रत्येक थर संपला की कटरला सुरक्षित उंचीवर नेते आणि पुन्हा खाली आणते. 40 मिमी खोल भिंतीला 0.2 मिमीचे 200 थर होतात. सुरक्षित उंची जॉबच्या 50 मिमी वर असेल, तर सरासरी 70 मिमी वर आणि तितकेच खाली, म्हणजे एका भिंतीमागे कटरचा 28 मीटर प्रवास नुसता हवेत होतो. विजेचे बिल आम्ही भरायचे आणि कटर न उचलता पुढच्या थरात नेण्याची सोय मात्र ‘फक्त वरच्या मॉड्यूलमध्ये’! आता रफिंग (जाडसर कटाई) झालेल्या जॉबच्या फिनिशिंग प्रोग्रॅममधून थरांमधल्या वर जाण्याच्या ओळी मी नोटपॅडमध्ये काढून टाकतो आणि उरलेल्या जी-0 (जलद चाल) च्या जागी जी-1 (कापण्याच्या वेगाची चाल) टाकतो. वर जाण्याची शेवटची ओळ मात्र ठेवावीच लागते.

एवढ्यावर मी याला चांगले म्हणून मोकळा झालो असतो; पण मग मॅचप्लेटवर (दोन्ही बाजूंना पॅटर्नचे अर्धे भाग असलेल्या प्लेटवर) 15 अंशांचा तिरपा पार्टिंग (साच्याचे दोन भाग जुळतात तो पृष्ठभाग) आला. आडव्याशी 15 अंश म्हणजे त्याच 0.2 मिमीच्या थराला पाऊण मिमीची पायरी पडते, आणि ती घासून काढायची तर कानसच हातात घ्यावी लागते. तेथे सॉफ्टवेअर बाजूला ठेवले. उतार एकाच दिशेचा असल्याने एक्स (आडवा) आणि झेड (उभा) हे अक्ष एकत्र चालवणारी ओळ हाताने लिहिली, ती पुन्हा पुन्हा चालवता येणाऱ्या सबप्रोग्रॅममध्ये घालून वाय अक्षात दर वेळी 0.5 मिमी सरकवत नेली, आणि 10 मिमीच्या बॉल नोजचे (गोल टोकाच्या कटरचे) टोक रेषेपासून 0.18 मिमी वर धरले. तेवढे उचलले नाही तर बॉलची बाजू उतारात घुसते. दोन कटांमधला उंचवटा 0.006 मिमीच्या आसपास राहिला.

दोन्ही दिशांना वळणारा पृष्ठभाग या टू-डी कॅमवर होणार नाही. तसे काम रोज येत असेल, तर थ्री-डीला पर्याय नाही. आमच्याकडे ते क्वचित येते आणि आल्यास बाहेर देणे परवडते. देखभालीचे बिल मी परत पाठवले असून, उठाबशा बंद करणारी सोय याच आवृत्तीत मिळाल्याशिवाय करार होणार नाही, असे सोबत लिहून दिले आहे.