280 रुपयांची पट्टी आणि माझे 21,550 रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बावीस वर्षं ट्रॅक्टर हाकतोय, फॅनबेल्ट स्वतः बदलतो. तरी फसलो. घरात अजून कोणाला पूर्ण आकडा माहीत नाही, इथंच पहिल्यांदा लिहितोय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन दिवस होते. लेकीला आणायला अमळनेरहून शहाद्याला निघालो. गाडी 2001 सालची डिझेल जीप. वाटेत चहाला थांबलो, परत चावी फिरवली तर नुसतं 'टक'. पुन्हा 'टक'. सेल्फ फिरेचना. तापीचा पूल अजून लांब होता आणि ऊन असं, की बॉनेटला हात लावायची सोय नव्हती. चहावाल्यानेच फोन करून मेकॅनिक बोलावला. (चहावाल्याने बोलावलेला मेकॅनिक! लिहून ठेवा.)

माणूस गोड, तोंडात सारखं 'दादा, दादा'. पुढचे दिवे लावून चावी मारायला सांगितली. दिवे जराही मंद झाले नाहीत. बॅटरी बसलेली असेल तर सेल्फ मारताना दिवे झोपतात. दिवे लख्ख आणि सेल्फ नुसता टकटकतोय, म्हणजे बॅटरीत दम आहे आणि करंट पुढं कुठंतरी अडतोय. हे मला ठाऊक होतं हो! पण तो म्हणाला, "बॅटरी गेली," आणि मी मान हलवली. 7,200 रुपये. जुनी बॅटरी त्यानेच ठेवून घेतली, भंगाराचा एक रुपया कापला नाही.

नव्या बॅटरीवरही टकच. मग त्याने जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावलं. गाडी एका झटक्यात लागली. त्याने लगेच गाडी बंद केली, केबल काढून गुंडाळली आणि तोंड पाडून म्हणाला, "सेल्फ जळत चाललाय दादा, करंट फार ओढतोय." आज कळतंय, रोग काय आहे ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं. मला नव्हतं कळलं, एवढाच फरक.

आणि तो पोरगा. बारा-तेरा वर्षांचा असेल, हाताखालचा. मी चावी मारत होतो, तो बॉनेटमध्ये वाकला होता. एकदम हात झटकून म्हणाला, "काका, ॲक्सिलेटरनी केबल तपेल शे." मेकॅनिकने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जाय रे, पाणी आन." पोरगा गेला. मी ऐकलं होतं. दोन्ही कानांनी ऐकलं होतं. ॲक्सिलरेटरची केबल सेल्फ मारताना का तापेल, एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. रात्री दोन-दोन वाजता उठून तेच आठवत बसतो.

झालं होतं इतकंच: बॅटरीची निगेटिव्ह वायर चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला), आणि चासीवरून इंजिनला तांब्याची विणलेली एक पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा करंट माघारी जायला तीच वाट. पट्टी कुजली की तो करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापते, सेल्फ टकटकतो.

गाडी गॅरेजला सोडून मी एसटीने शहाद्याला गेलो. लेक आणि वर्षाचा नातू, दोघांना घेऊन त्या उन्हात एसटीने परत. व्याह्यांसमोर काय वाटलं असेल ते विचारू नका. अशा वेळी माणूस बिल मागत बसत नाही. दुसऱ्या दिवशी सेल्फचं रिवाइंडिंग (म्हणजे सेल्फ उघडून आतली तार नव्याने गुंडाळणं), कार्बन, बुश मिळून 4,800. आधीचे धरून 12,000 झाले. 10,000 फोनवरून दिले, नाव भलत्याच बाईचं आलं, तरी पाठवले. 2,000 रोख. गाडी लागली, कारण सेल्फ काढता-घालताना पट्टीचा बोल्ट हलला असणार.

चौथ्या दिवशी परत टक. गाडी ओढून न्यायला 1,200. आता म्हणे सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच, 1,850. वायरिंगही "पूर्ण सडलंय", 6,500. सगळं रोख. आठवडाभर चालली.

शेवटी अमळनेरातल्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिकवाल्याने मल्टिमीटरची एक पिन निगेटिव्हच्या खुंटीला आणि दुसरी इंजिनला टेकवून मला चावी मारायला लावली. साडेचार व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब, म्हणाला. पट्टी 180, मजुरी 100. मग सेल्फकडे बोट दाखवून हसला. "हाऊ सेल्फ कोनी उघाडेलच नही, भाऊ." वरून चंदेरी रंग मारलेला. बोल्टच्या डोक्यांवरचा जुना चिखलही तसाच, त्याच्यावरूनच रंग. रिवाइंडिंग!

पोलीस ठाण्यात गेलो. "गाडी चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" पक्कं बिल कुठंय, गुन्हा आमच्या हद्दीत घडला का, हेच दोन प्रश्न. मी म्हटलं, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हद्दीचं कारण चालत नाही. साहेब हसले, "वकील का?" दुसऱ्या ठाण्यात तीन तास बाकावर बसवलं आणि शेवटी सांगितलं, पैसे ऑनलाइन गेलेत, 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. अहो, मी स्वतः उभं राहून दिलेत, सायबरचा काय संबंध! तिथून ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात. 5 लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हे सगळं भिंतीवर छान लावलंय. टेबलावरचा माणूस मात्र परत तेच: "पक्कं बिल?" 21,550 रुपयांसाठी चार खेपा, डिझेल माझं, दिवस माझा, आणि प्रत्येक टेबलावर मीच आरोपी.

काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जुनी बॅटरी सोडू नका. माझ्या बॅटरीवर मी खिळ्याने तारीख कोरली होती. परवा त्याच रस्त्याने जाताना एका ट्रॅक्टरवर ती दिसली. ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. 3,500 ला घेतली म्हणाला, एकदम नव्यासारखी चालते.