पॅड ४,६५० रुपयांचे, बिल ३९,३०० रुपयांचं

लिहायलाही लाज वाटते. मागचे ब्रेक पॅड बदलायला गाडी गॅरेजला दिली आणि ३९,३०० रुपये मोजून आलो. पॅड ४,६५०, पार्किंग ब्रेकच्या दोन मोटरी प्रत्येकी १३,९००, ‘कोडिंग’ ३,५००, मजुरी २,४००, ब्रेक ऑइल ९५०. पावती कच्ची, पैसे मालकाच्या खासगी यूपीआयवर. ‘पक्कं बिल हवं तर जीएसटी वर पडेल’ म्हणाला, आणि मी शहाणा ‘राहू दे’ म्हणालो. ते ‘राहू दे’ पुढे प्रत्येक टेबलावर आडवं आलं.

मी काही अगदीच अडाणी नाही. पुढचे पॅड घरीच बदलतो. मागचे नेले ते स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र) नव्हता म्हणून. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकमध्ये कॅलिपरच्या (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पाठीवर मोटर असते, ती आतला स्क्रू फिरवून पिस्टन पॅडवर दाबते. तो स्क्रू मागे घेतल्याशिवाय पिस्टन आत जात नाही. दांडगाई केली तर स्क्रूचे आटे नाहीतर मोटरचे गिअर जातात. स्क्रू मागे घ्यायचा तर ब्रेक ‘सर्व्हिस मोड’मध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या स्थितीत, न्यावा लागतो. काही गाड्यांत तो पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने लागतो, माझ्या गाडीत स्कॅनरनेच.

कळायला हवं होतं ते तिथेच, डोळ्यांसमोर. गाडी पाऊण तास लिफ्टवर, इग्निशन चालू, दारं उघडी, आत गाणी, आणि बॅटरीला चार्जर नाही! या मोटरी चांगलाच करंट ओढतात. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल (ब्रेकचा छोटा कॉम्प्युटर) काम अर्ध्यात सोडतं आणि फॉल्ट नोंदवतं. हे मला माहीत होतं, तरी चहा पीत बसलो. मग पोरगा टॅब घेऊन आला. ‘काका, दोन्ही मोटरी जळल्या.’ स्क्रीनवर लाल अक्षरं होती, मी फोटो काढला पण वाचला नाही. घरी येऊन वाचला, तर लिहिलं होतं ‘पुरवठ्याचं व्होल्टेज कमी’. मोटर जळाल्याचा त्यात उल्लेखच नव्हता. आणि डावी-उजवी मोटर एकाच मिनिटाला जळते कशी? हा प्रश्न मला रात्री दोन वाजता पडला. जुने पार्ट मागितले तेव्हा ‘एक्स्चेंजला गेले’ म्हणाला, तेही गिळलं. काढलेला पार्ट हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.

तीन आठवड्यांनी चूं-चूं आवाज यायला लागला म्हणून चाक उतरवलं. मोटरी जुन्याच! तोच वाळलेला चिखल, लेबलवर २०१९, बोल्टांच्या डोक्यांवरचा गंज अखंड. पाना लागला असता तर तो तुटला असता. क्लिपाही जुन्या, गाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) कोरड्या. आवाज त्याचाच.

मग ५,२०० चा स्कॅनर घेतला आणि सगळं पुन्हा उघडलं. स्कॅनर म्हणून स्वस्त निळा डोंगल (छोटा प्लग) घेऊ नका, बहुतेक नुसते इंजिनाचे बिघाडाचे कोड वाचतात. आपल्या मॉडेलचा पार्किंग ब्रेक यादीत असेल तरच घ्या. जागा सपाट हवी, पुढच्या चाकांना ठोकळे हवेत, कारण सर्व्हिस मोडमध्ये पार्किंग ब्रेक सुटलेला असतो. गाडी स्टँडवर घ्या, जॅकवर नाही. चार्जर लावा, सर्व्हिस मोड द्या, दोन्ही बाजूंची घरघर थांबू द्या. ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ असेल तर थोडं ऑइल काढा, सांडलं तर रंग खातं. कॅलिपर तारेने टांगा, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. पिस्टन सी-क्लॅम्पने सरळ आणि सावकाश आत घ्या. केबलच्या हँडब्रेकवाल्या कॅलिपरसारखा फिरवायचा नाही. या वेळात घरातल्या कुणी पार्किंगचं बटण दाबलं तर पिस्टन बाहेर येईल, म्हणून किल्ली खिशात. क्लिपा नव्या घाला. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. बोल्टांचा टॉर्क (किती घट्ट आवळायचे ते) आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला, अंदाजाने नाही. चाक चढवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, मगच सर्व्हिस मोडमधून बाहेर या. हा क्रम उलटा केलात तर मोटरला पॅड जागेवर सापडत नाहीत आणि पुन्हा फॉल्ट येतो. पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा हलका ब्रेक लावा.

हे सगळं दोन तासांचं काम. तक्रारीला मात्र चार महिने झाले! पोलीस चौकीत साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ब्रेक लागतो ना? मग फसवणूक कुठे?’ अदखलपात्र नोंदीसाठी तीन फेऱ्या. परिवहन कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला, आणि ‘व्यापाऱ्याने उत्तर दिलं नाही’ म्हणून फाइल बंद केली. तो उत्तर देत नाही म्हणूनच तर तक्रार केली होती! कराच्या कार्यालयात विचारलं, बिल कुठाय? अहो, बिल देत नाही हीच तर तक्रार! फोटोतला कोड समजून घ्यायला कुणीही तयार नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज भरला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. कच्ची पावती, यूपीआयची नोंद, कोडचा फोटो आणि गंजलेल्या बोल्टांचे फोटो जोडलेत. २७,८०० च्या ‘जळालेल्या’ मोटरी रोज रात्री पार्किंगमध्ये घरघरतात, दोन्ही.