कपट, अवज्ञा आणि हक्क : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

फसवणूक आणि न्यायालयाच्या आदेशाची अवज्ञा यांचा कायदेशीर हक्कांवर काय परिणाम होतो, या विषयावरचा सहा व्याख्यानांचा सशुल्क अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मी वकील नाही; एका दाव्यात पक्षकार म्हणून वावरताना कानांवर पडणारे शब्द नीट कळावेत, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि ती अर्ध्याहून अधिक पूर्ण झाली.

कपटावरची पहिली तीन व्याख्याने उत्तम आहेत. कपटाने मिळवलेला लाभ कोणतेही न्यायालय कोणालाही पचू देणार नाही, हे इंग्लंडमधील न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांचे 1956 सालचे प्रतिपादन सांगून व्याख्याते थेट भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 सालच्या चेंगलवराय नायडू प्रकरणाकडे वळतात. त्यात वादीने, ज्याच्याकडे तो नोकरीला होता त्या मालकासाठी, लिलावात मालमत्ता घेऊन नंतर त्याच्याच नावे हक्कसोडपत्र करून दिले होते. ते दडवून त्याने वाटपाचा दावा लावला आणि प्राथमिक हुकूमनामाही (म्हणजे कोणाचा किती वाटा हे ठरवणारा निर्णय) मिळवला. खोटे बोलणे तर सोडाच, महत्त्वाचा दस्त न्यायालयापासून लपवणे हेही कपटच, आणि अशा मार्गाने मिळालेला हुकूमनामा मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नसल्यासारखा, असे न्यायालयाने ठरवले. व्याख्याते हा निकाल इतक्या सावकाश उलगडतात की मी ते व्याख्यान दोनदा ऐकले.

मात्र करारातील फसवणुकीवर त्यांनी उगाच घाई केली आहे. असा करार सहसा आपोआप शून्य नसतो, तर फसलेल्या पक्षाच्या इच्छेनुसार शून्यकरणीय, म्हणजे त्याने ठरवले तर रद्द करता येणारा, असतो. त्यामुळे तो रद्द होण्यापूर्वी सद्भावनेने मोबदला देऊन वस्तू घेणाऱ्या त्रयस्थाला संरक्षण मिळू शकते. हा भेद त्यांनी एका वाक्यात उरकला, आणि प्रत्यक्ष भांडणे तर बहुधा इथेच अडतात.

माझा खरा आक्षेप अवज्ञेवरच्या, म्हणजे कायद्याच्या भाषेत न्यायालयाच्या अवमानावरच्या, व्याख्यानांना आहे. ‘अवमान करणाऱ्याला कोणताही हक्क उरत नाही’ हे वाक्य व्याख्याते वारंवार उच्चारतात आणि आधाराला इंग्लंडमधील 1952 सालचे हॅडकिन्सन प्रकरण देतात. त्यात आदेश मोडून मुलाला ऑस्ट्रेलियात नेणाऱ्या आईचे अपील, मूल परत आणेपर्यंत, ऐकले गेले नाही. पण तिचा अपिलाचा हक्क कोणी पुसून टाकला नव्हता. चूक दुरुस्त होईपर्यंत तिच्यासाठी दार लावून घेतले होते. शिवाय अवमानाच्या आरोपाचा बचाव करायला किंवा तो आदेशच अधिकारकक्षेबाहेरचा आहे असे मांडायला अशा व्यक्तीला सहसा मुभा असते. याउलट मनाई हुकूम मोडून केलेले हस्तांतरण झालेच नाही असे मानावे, ही भारताच्या सर्वोच्च न्यायालयाची 1995 सालची भूमिका. म्हणजे अवज्ञेतून उपजलेला हक्क टिकत नाही, तर आधीपासूनचा हक्क फक्त खोळंबतो. दोन्ही निकाल पाठोपाठ ऐकवूनही हा फरक सांगायचा राहून जावा, याचे आश्चर्य वाटते.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, टिपणे मात्र त्रोटक आहेत. पहिल्या तीन व्याख्यानांसाठी मी हा अभ्यासक्रम निःसंकोच सुचवेन. ज्यांच्यावर स्वतःच अवमानाची नोटीस आली आहे, त्यांनी पाचवे व्याख्यान ऐकून धीर सोडू नये आणि आपल्या वकिलाला विचारावे.