अकलूजचं स्टेअरिंगवालं गॅरेज: जुना मॅसी न्यावा का?

वडिलांनी घेतलेला मॅसी १०३५ ट्रॅक्टर अजून आमच्या दारात आहे आणि रोज कामाला जातो. स्टेअरिंग साधं, पॉवर नाही. रानात त्याचं काही वाटत नव्हतं, पण मागं उसाची ट्रॉली लावून डांबरीला लागलं की गाडी सरळ ठेवायला स्टेअरिंग सारखं इकडं-तिकडं खेळवत बसायचं. पाव चक्कर नुसतीच मोकळी. समोरून एसटी आली की पोटात गोळा.

आधी जवळच्याच एका गॅरेजात दाखवलं होतं. त्यांनी स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडं नेणारी गिअरची पेटी) आवळून दिला. सरळ चालताना हा मोकळा खेळ थोडा कमी झाला, पण बांधाकडेला वळवताना स्टेअरिंग जड आणि वळल्यावर सरळ करायलाही जोर लावायचा. बॉक्स सगळ्यात जास्त झिजतो तो मधल्या जागी, कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते. मधला खेळ काढायला आवळला की दोन्ही टोकांना तो घासतो. वर सल्ला काय, तर बॉक्स नवा टाका, नाहीतर पॉवरचं किट बसवा.

अकलूजचं हे गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, पाटी नाही. कारखान्याला ऊस ओढणाऱ्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारा, तो सांगेल. मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी इंजिन बंद केलं, पोराला सीटवर बसवलं आणि स्टेअरिंग हळूहळू दोन्हीकडं हलवायला लावलं. स्वतः खाली बसून एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेले. ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला हात) लगेच हलत होता, म्हणजे बॉक्स शाबूत. आर्म हलतोय पण ड्रॅग लिंक (आर्मपासून चाकाकडं जाणारा दांडा) मागाहून हलतेय, म्हणजे त्या सांध्याचा बॉल गेला. १०३५ ला दोन्ही अंगांना वेगळा ड्रॉप आर्म आणि वेगळी ड्रॅग लिंक असते, मधे दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड नसतो. त्यामुळं एक चाक ठणठणीत आणि दुसरं लटपटतंय असं होऊ शकतं. आमचं डावं तसंच निघालं.

मग पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं. खेळ किंगपिनमध्ये (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्यात) आहे की हबच्या बेअरिंगमध्ये, हे ते हब आणि स्पिंडलच्या (चाकाचा आस आणि ही पिन एकत्र असलेल्या भागाच्या) मधल्या फटीकडं बघून ओळखतात. आमची बेअरिंगं चांगली होती, पिनेभोवतीचे बुश (झिजणाऱ्या नळ्या) मात्र एका बाजूनं खाल्लेले. "बॉक्सला आता कुणाला हात लावू देऊ नका मालक, त्याचा काय दोष नाय," एवढंच बोलले आणि आधीच्याचं आवळणं सैल करून दिलं. मला या गॅरेजचं सगळ्यात जास्त पटलं ते हेच. नवा बॉक्स गळ्यात मारायला मी आयताच सापडलो होतो.

काम चोख आहे. बुश ठोकून बसवला की त्याचं भोक किंचित आवळतं. बरेच जण तिथं पॉलिश पेपर फिरवून पिन कशीतरी घुसवतात, इथं रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) मारतात. पिन तेल लावून हातानं फिरली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये, असा त्यांचा नियम. डावा स्पिंडल पिनेच्या जागी झिजून लांबट गोल झाला होता. वेल्डिंगनं भरून लेथवर घ्या म्हटलं तर सरळ नाही म्हणाले, नवाच घ्यायला लावला. नवा बुश झिजल्या पिनवर घातला तर हंगामही काढत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. ग्रीसचे निप्पल मातीनं बुजले होते, तेही बदलले आणि खालून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारली.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूनं किंचित आत ठेवायची जुळणी. रिमवर हबच्या उंचीला खडूची खूण, पुढून टेप लावला, गाडी अर्धा फेर ढकलली आणि तीच खूण मागं आल्यावर परत माप. पुढून दोन सूत (पाव इंच) कमी ठेवलं. स्प्लिट पिना सगळ्या नव्या, जुनी वाकवून परत घातली नाही.

सामान आणि मजुरी धरून साडेआठ हजारांच्या आसपास गेले. सामान आपण आणलं तरी चालतं, पण ड्रॅग लिंकचे एंड (टोकाचे बॉलवाले सांधे) हलके आणले तर ते बसवत नाहीत.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. "उद्या देतो" याला काही अर्थ नाही, गाळपाच्या दिवसांत तर नाहीच, म्हणून ऊस तुटायच्या आधीच न्या. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर आकडे. बसायला एक टायर, तोही बहुतेक वेळा कुणीतरी अडवलेला. पाचपैकी चार देतो, कापलेला एक त्या फोनचा.

ट्रॅक्टर आता ट्रॉलीसकट एका हातानं सरळ चालतो. पॉवर स्टेअरिंगच्या गाड्या ते घेत नाहीत, पंपाचं किंवा सिलिंडरचं काम असेल तर डिझेल खर्चून तिथं जाऊ नका.