स्नोकॅटची केबिन वाढवायची तर आधी वजनकाटा: आमच्या १९७६ च्या स्प्राइटचं काम

दोन माणसांची जुनी स्नोकॅट, म्हणजे पट्ट्यांवर बर्फातून चालणारी गाडी, आठ-दहा माणसांची करून घ्यायची असेल, तर युटामधल्या कॅश व्हॅलीतल्या ज्या छोट्या वर्कशॉपनं आमचं काम केलं त्याला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण कापला तो मागच्या हीटरसाठी. त्याबद्दल पुढे लिहिते.

आमची गाडी १९७६ ची थायोकॉल स्प्राइट. १९८६ च्या चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघाताच्या बातम्यांत ज्यांनी हे नाव ऐकलंय त्यांच्या माहितीसाठी, हो, तीच कंपनी. मिनिटमन क्षेपणास्त्राच्या आणि स्पेस शटलची घन इंधनाची रॉकेट इंजिनं बनवणारी थायोकॉल इथे लोगन गावात बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाड्याही बनवायची. १९७८ मध्ये हा धंदा मोटार उद्योजक जॉन डीलोरियननं विकत घेतला, गाड्यांवर त्याच्या डीएमसी कंपनीची पाटी आली, पुढे नाव बदलून एलएमसीची आली आणि २००० मध्ये तेही संपलं. त्यामुळे सुटे भाग शोधताना गाडीवरची मूळ पाटी जपून ठेवा, तिच्याशिवाय कोणीच धड उत्तर देत नाही.

लोगनजवळच्या लोगन कॅन्यन या दरीत महामार्ग ८९ वरचा बर्फ काढतात, आतल्या रस्त्यांवरचा नाही. चार कुटुंबांनी मिळून घेतलेलं आमचं घर अशाच एका आतल्या रस्त्याच्या टोकाला आहे. हिवाळ्यात तिथे जायचं तर स्नोकॅट. पण स्प्राइटमध्ये पुढे दोन सीट, त्यांच्या मधोमध झाकणाखाली फोर्डचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि मागे उघडा पाटा. म्हणजे दोघं आत, बाकीच्यांनी स्की लावून चालायचं किंवा फेऱ्यांवर फेऱ्या मारायच्या. मुलं मोठी झाली, आणि माझ्या सासूबाई साताऱ्याहून हिवाळ्यात येऊन राहायला लागल्या, तेव्हा मागच्या पाट्यावर बंद केबिन बसवायचं ठरलं.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी फोन केला होता. त्यांनी गाडी न बघताच सांगितलं, बारा माणसं बसवून देऊ, समोरासमोर दोन बाकं टाकू. ऐकताना मला कोरेगाव रस्त्यावरची वडापची ट्रॅक्स आठवली. जागा असेल तितकी माणसं भरायची, मग गाडी चढावर कशी का वागेना. तो विचार तिथेच सोडला.

या वर्कशॉपचे मालक सत्तरीच्या पुढचे आहेत. तरुणपणी ते लोगनच्या कारखान्यातच जोडणीच्या कामावर होते. त्यांनी पहिल्या भेटीत केबिनचा विषयच काढला नाही. म्हणाले, "डिफरन्शियल उघडून पाहिल्याशिवाय मी वर एक किलोसुद्धा चढवणार नाही." डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना वाटून देणारा भाग. स्प्राइटला स्टिअरिंगचं चाक नसतं, दोन दांडे असतात. डावा ओढला की डिफरन्शियलच्या आत त्या बाजूच्या ड्रमवर ब्रेकचा पट्टा आवळला जातो, ती बाजू मंदावते, दुसरी जोर धरते आणि गाडी वळते. म्हणजे प्रत्येक वळण हे ब्रेक घासूनच घेतलेलं असतं. वजन वाढलं की हे पट्टे जास्त तापतात, आणि ते तेलातच बुडालेले असल्यामुळे तेलही लवकर खराब होतं. आमचे पट्टे अर्धे झिजले होते. ते नवीन टाकले, योग्य प्रतीचं तेल भरलं आणि गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर जोडला. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, पण एकूण बिलातला सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा मी यालाच म्हणेन.

मग वजनकाटा. पट्ट्यांखाली पुढे दोन आणि मागे दोन असे चार पॅड ठेवून त्यांनी रिकामी गाडी तोलली. मागच्या पॅडवर एकूण वजनाच्या ५२ टक्के भार आला. त्यानंतर पाट्यावर प्लायवूडची कच्ची बाकं ठोकली आणि पाण्याच्या सॉफ्टनरसाठी इथे मिठाच्या ४० पौंडी गोण्या मिळतात त्या आणल्या. एका माणसामागे पाच गोण्या, म्हणजे बूट, जाकीट आणि पाठपिशवीसकट साधारण ९० किलो. दहा माणसांच्या गोण्या रचल्यावर मागचा भार ६८ टक्क्यांवर गेला. कागदावर हा आकडा फार भयंकर वाटत नाही. पण चढावर भार आणखी मागे सरकतो, शेपूट बर्फात रुतते, नाक हलकं होऊन वर उठतं आणि पट्ट्या पुढे सरकण्याऐवजी स्वतःखाली खड्डा खणायला लागतात. मालकांनी दोन सीट सरळ रद्द केल्या. बॅटरी आणि अवजारांची पेटी पुढे नेली, बाकं ३० सेंटिमीटर पुढे सरकवली. आठ माणसांवर भार ६१ टक्क्यांपर्यंत खाली आला. आमच्यातल्या एका कुटुंबाला दहाच सीट हव्या होत्या. त्यांना मालकांनी स्पष्ट सांगितलं, दहा हव्या असतील तर दुसरं मशीन घ्या.

यावर मला बोंबार्डिए बी-१२ या जुन्या बर्फगाडीची आठवण होते. क्विबेकच्या आर्मांड बोंबार्डिएंनी ती १९४० च्या दशकात मुळातच १२ जणांसाठी आखली. प्लायवूडचं अंग, गोल खिडक्या, इंजिन पार मागे आणि माणसं त्याच्या पुढे. म्हणून ती भरली तरी भार गाडीच्या मधल्या भागावर राहतो. स्प्राइट ही कामाची गाडी, वीजवाहिन्या तपासायला आणि मालवाहतुकीला केलेली. तिला प्रवासी गाडी करताना मूळ आखणीशी हुज्जत घालून चालत नाही.

प्रत्यक्ष बांधणीत दोन गोष्टी मला फार आवडल्या.

पहिली म्हणजे बैठक. ओबडधोबड बर्फावर स्नोकॅटची चासी पिळते. चार कोपऱ्यांत बोल्ट मारून मागची केबिन घट्ट बसवली, तर हा पीळ थेट तिच्या सांगाड्यात जातो. एकदोन हिवाळ्यांत दाराच्या चौकटीजवळ वेल्डिंगला तडे जातात, खिडक्या गळायला लागतात. यांनी तीन टेकूंची बैठक दिली, पुढे मधोमध एक फिरता टेकू आणि मागे दोन. चासी पिळली तरी केबिन तिच्यावर नुसती डुलते. जुनी पुढची केबिन आणि नवी मागची केबिन यांच्यात रबरी घडीचा जोड आहे. पुढच्या केबिनची मागची भिंत पूर्ण कापायला त्यांनी नकार दिला, कारण उलटण्याची वेळ आली तर तीच भिंत छताला आधार देते. तिथे फक्त खिडकीएवढी जागा उघडली आणि कडेनं पोलादी पट्टीची चौकट घातली. चालकाशी बोलता येतं, थर्मास पुढे देता येतो आणि अडचणीत त्यातून माणूसही बाहेर पडू शकतो.

दुसरी गोष्ट, चढण्याची सोय. स्प्राइटच्या पुढच्या दारातून आत जायचं तर पट्टीवर पाय देऊन चढावं लागतं, तेही लोखंडी आडव्या पट्ट्यांवर, ज्यांच्यावर बहुतेक वेळा बर्फ गोठलेला असतो. सासूबाईंना ते शक्यच नव्हतं. मागच्या दाराला आता तीन पायऱ्यांची घडीची शिडी आहे, पायऱ्यांना करवतीसारखे दाते, दोन्ही बाजूंना कठडा. कठड्यावर मालकांनी सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ चढवली आहे, कारण उघड्या थंड लोखंडाला हातमोजा ओला असला की चिकटतो. हे आम्ही सांगितलेलं नव्हतं. सासूबाई त्या मुठीला धरून स्वतःच्या स्वतः चढतात, कोणाचा हात मागत नाहीत.

छताला सुटकेचं दार आहेच. बाजूला कलंडलेल्या गाडीत मागचं दार बर्फात दाबलं जाऊ शकतं, म्हणून ते हवंच. बाकं समोरासमोर न ठेवता तोंड पुढे करून चार रांगा केल्या. आडव्या बाकांवर चढण लागली की सगळे घसरून शेवटच्या माणसावर येतात. सीटबेल्ट खालच्या आडव्या नळीला जोडलेत, पत्र्याला नाहीत. हे तपासून घ्या, कारण पत्र्याला बोल्ट मारलेले बेल्ट मी दुसऱ्या गाड्यांत पाहिलेत आणि त्यांचा काडीचा उपयोग नाही.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल मी स्वतः आग्रही होते. जुनं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर आणि मागे बंद डबा ही जोडी धोक्याची. गाडी चालत असताना मागच्या भिंतीजवळ हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिकडेच ओढला जातो. त्यांनी एक्झॉस्ट वळवून छताच्या वर नेला आणि १२ व्होल्टचा, आरव्हीसाठी (आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी) बनवलेला अलार्म लावला. घरात लावायचा साधा अलार्म चालत नाही, तो गोठणबिंदूच्या खालच्या तापमानासाठी बनवलेला नसतो.

आता तक्रार. मागच्या डब्यात स्कूलबसचा हीटर बसवलाय, इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा. पुढच्या दोन रांगा उबदार राहतात, मागच्या कोपऱ्यांत मात्र आठ जणांचा श्वास काचेवर गोठतो. खिडक्या दुहेरी पॉलिकार्बोनेटच्या आहेत, तरी कोपरे पांढरे होतात, आणि खरवडायला गेलं की ओरखडे पडतात. बाहेर उणे २० सेल्सिअस असेल तर शेवटच्या रांगेत बसणाऱ्यानं जाकीट काढायचं नाव काढू नये. वर्कशॉपनं कुरकुर न करता मान्य केलं की पाण्याची नळी लांब झाली आणि पंप कमी पडतो. ते छोटा विजेचा पंप बसवून देणार आहेत, पैसे फक्त सामानाचे.

कामाला ठरल्यापेक्षा दीड महिना जास्त लागला, त्यातला बराच वेळ ब्रेकचे पट्टे मिळवण्यात गेला. एकूण खर्च साधारण १९,००० डॉलर. चार कुटुंबांत वाटून झेपला.

पहिल्या चाचणीला एप्रिलमधल्या जड बर्फावर गाडी आठ माणसांनी भरून नेली. चढ संपल्यावर मी उतरून मागे उमटलेला माग वाकून पाहिला. आडव्या पट्ट्यांचे ठसे पुढून मागेपर्यंत सारख्या खोलीचे होते, मधे कुठे खणल्याची खूण नव्हती. मालकांनीही तेच पाहिलं आणि पहिल्यांदाच हसले.

थायोकॉलची छोटी इम्प असेल तर हे काम करून घेऊ नका, तिची लांबी इतकं वजन पेलत नाही. टकर या दुसऱ्या कंपनीची स्नोकॅट असेल तर गणित निराळं. तिच्या चार पट्ट्या स्वतंत्र डुलतात आणि पुढची-मागची दोन्ही जोडी वळते, तेव्हा टकरवरच हात बसलेला कारागीर शोधा. स्प्राइट असेल तर मात्र इथेच या, आणि मार्च-एप्रिलमध्येच तारीख घ्या. ऑगस्टनंतर त्यांच्या अंगणात गाडी उभी करायलाही जागा नसते.